बोट लागली, बोट लागते

रत्नागिरीत एका दिवसात एकच शब्द तीन ठिकाणी तीन अर्थांनी कानावर पडतो. मिरकरवाड्याच्या जेट्टीवर ‘बोट लागली’ अशी हाक आली, की टोपल्या, बर्फ आणि काटे घेऊन माणसं धक्क्याकडे धावतात. कुठल्याशा घरी लग्नाची बोलणी चाललेली असतात आणि मुलाची माहिती देताना त्याचे मामा सांगतात, ‘तो बोटीवर असतो.’ आणि ऐंशी ओलांडलेली एखादी आजी नातवंडांना सांगते, की मुंबईला जाताना तिला ‘बोट लागायची’, म्हणून बरोबर लिंबू आणि आवळासुपारी असायचीच.

पहिली बोट मासेमारीची, चाळीस-पन्नास फुटांची. दुसरी तेल नाहीतर कंटेनर वाहून नेणारी. तिची लांबी तीनशे मीटरच्या घरातही असू शकते. तिसरी तर बोट नव्हेच, तो त्रास आहे. इंग्रजीतून आलेल्या या दोन अक्षरी शब्दाने कोकणात जेवढे अर्थ कमावले, तेवढे त्याच्या माहेरीही त्याला मिळाले नसतील. ‘मला बोट लागते’ हे वाक्य इंग्रजीत शब्दाला शब्द ठेवून सांगितलं, तर समोरच्याला काही म्हणजे काही कळणार नाही.

या शब्दाची एक गंमतशीर बाजू अशी, की गेल्या दीडशे वर्षांत त्याचं आकारमान बदललं. तो कोकणात आला तेव्हा समुद्रावरची सर्वांत मोठी, सर्वांत वेगवान आणि सर्वांत नवी गोष्ट म्हणजे बोट. आज रत्नागिरीत बोट म्हणजे मधल्या मापाची, रोजच्या ओळखीची गोष्ट. पण जुने अर्थ पुसले गेले नाहीत. ते बोलण्यातल्या ठरावीक वाक्यांत तसेच राहिले.

कोकणच्या किनाऱ्याला जहाजांसाठी शब्दांची कधीच वाण नव्हती. शिवाजी महाराजांच्या आणि आंग्र्यांच्या आरमारात गुराबा होत्या, गलबतं होती, शिबाडं, पाल, मचवे होते. व्यापारासाठी फत्तेमारी होती, माल आणि माणसं उतरवायला पडाव होता, खाडी ओलांडायला तर होती, घरगुती वापराला होडी होती. दर्यावरची माणसं आणि त्यांची साधनंही देशोदेशींच्या शब्दांनी ओळखली जात. नाखवा हा फारसी ‘नाखुदा’वरून आला, सारंगही फारसीतून, सुकाणू आणि खलाशी हे अरबी मुळाचे, कप्तान पोर्तुगिजांनी दिला. अरबी समुद्रावर शतकानुशतकं ज्यांची ये-जा होती, त्या सगळ्यांनी या शब्दसंग्रहात भर घातली. मग एवढं सगळं असताना बोट कशाला लागली?

लागली, कारण आलेली वस्तूच नवी होती. शीड नाही, वल्हं नाही, वाऱ्याची वाट बघणं नाही. मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही वाफेवर चालणारी नौका १८३० साली मुंबईहून सुएझला गेली. त्यानंतरच्या दशकांत वाफेची जहाजं पश्चिम किनाऱ्यावर दिसू लागली. धूर ओकत, पोटात कोळसा जाळत चालणाऱ्या या नव्या वाहनाला मराठीने नाव दिलं आगबोट. अर्धा शब्द आपला, अर्धा साहेबाचा. इंग्रजी शब्दात वाफ होती, मराठीने आग घेतली. डोळ्यांना जे दिसलं ते नावात आलं. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, तिलाही हीच रीत लावून आगगाडी म्हटलं गेलं. शेजारी गोव्यात मात्र पोर्तुगीज वाफेला मानणारे, म्हणून कोकणीत वाफेच्या जहाजाला ‘वापोर’ म्हणू लागले. एकाच समुद्रात, एकाच जातीच्या जहाजाला, एकीकडे आगीचं नाव आणि दुसरीकडे वाफेचं.

पुढे सवय झाली तशी दोन्हींतली आग विझली. आगगाडीची नुसती गाडी झाली, आगबोटीची नुसती बोट.

पण हा शब्द कोकणात इंग्रजांबरोबर पहिल्यांदा आला असं म्हणावं, तर तेही पुरतं खरं नाही. पश्चिम किनाऱ्यावर ‘बतेला’ नावाचं एक शिडाचं गलबत चाले. यूल आणि बर्नेल यांनी १८८६ साली प्रसिद्ध केलेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात या नावाचा माग पोर्तुगीज ‘बातेल’पर्यंत नेला आहे, वास्को द गामाच्या सफरीच्या वृत्तांतात तो शब्द सापडतो. आता हा पोर्तुगीज शब्द जुन्या फ्रेंचमधून आलेला, आणि फ्रेंचांनी तो उचलला जुन्या इंग्रजी ‘बात’वरून. त्याच ‘बात’चं पुढे इंग्रजीत बोट झालं. म्हणजे इंग्रजांचा हा शब्द फ्रान्स आणि पोर्तुगालची वाट करून बतेला होऊन आपल्या बंदरात आधीच पोचला होता. दोन-तीनशे वर्षांनी त्याचा सख्खा भाऊ थेट इंग्लंडहून आला. दोघं एकाच धक्क्याला लागले असतील, पण एकमेकांना ओळखलं कुणी नाही. देवाणघेवाण दुसऱ्या बाजूनेही झाली. आपलं ‘बंदर’ इंग्रजांनी घेतलं आणि नांगरलेल्या जहाजाकडे जाणाऱ्या छोट्या होडीला ते ‘बंदरबोट’ म्हणू लागले. डिंगी त्यांनी इथलीच घेतली आणि कॅटामरान तमिळांकडून.

बोट हा शब्द कोकणी माणसाच्या हाडामांसात मुरला तो मात्र प्रवासी बोटींमुळे. आधी शेफर्ड कंपनी, मग बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनी, आणि पुढे ती सिंदिया कंपनीत विलीन झाल्यावर सिंदियाच्या बोटी. मुंबई सुटली की हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले, पणजी अशी बंदरं घेत जायचं. सह्याद्रीचे घाट आणि वाटेतल्या डझनभर खाड्या ओलांडून मुंबई गाठण्यापेक्षा समुद्र जवळचा होता. गिरणीत काम करणारा चाकरमानी शिमग्याला आणि मे महिन्यात बोटीने गावी यायचा. आंब्याच्या पेट्या बोटीने मुंबईला जायच्या. टपाल बोटीने यायचं.

रत्नागिरीत मोठी बोट धक्क्याला भिडत नसे. ती आत पाण्यात नांगर टाकून उभी राही आणि माणसं पडावातून तिच्यापर्यंत जात. पडाव लाटेवर वर-खाली होतो आहे, बोटीची शिडी लोंबते आहे, खलाशी हात पुढे करून ‘आता, आता’ म्हणतो आहे, आणि लाट पडाव वर उचलते त्या क्षणी पाय टाकायचा. आधी पोर वर जायचं, मग वळकटी, मग ट्रंक, मग फणसाचं गाठोडं. ज्यांनी हे केलं त्यांना ‘बोट चुकली’ याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. बोट चुकणं म्हणजे पुढल्या बोटीची वाट बघत बंदरावर राहणं.

आणि पावसाळ्यात तर बोटच नाही. मिरगाच्या आधी समुद्र खवळू लागला की बोटी बंद होत, त्या पावसाळा सरेपर्यंत. म्हणून ‘आगोटीच्या आतली शेवटची बोट’ ही तारीख घराघरांत ठाऊक असे. आगोट म्हणजे पावसाळ्याचं तोंड. आगोट आणि आगबोट यांच्या उच्चारात साम्य असलं, तरी शब्द म्हणून त्यांचं एकमेकांशी नातं नाही. पण कोकणातल्या घराच्या हिशेबात दोन्ही शेजारी शेजारी बसलेले होते. तांदूळ, मीठ, सुकी मासळी, लाकूडफाटा भरून ठेवायचा आणि ज्याला मुंबईला जायचं असेल त्याने त्या बोटीने जायचं. त्यानंतर घाटाने, कोल्हापूरकडून.

बोटींना माणसांसारखी नावं होती आणि लोक ती ‘बोट’ जोडूनच घेत. स्वदेशीच्या वातावरणात उभी राहिलेली इंडियन को-ऑपरेटिव्ह स्टीम नॅव्हिगेशन ही कंपनी लोकांच्या तोंडी ‘माझी आगबोट कंपनी’ होती. साहेबाच्या कंपनीच्या बोटीला पर्याय म्हणून आलेली ही बोट माझी. इंग्रजी शब्दाला ‘माझी’ असं विशेषण लावून स्वदेशीचा अभिमान मिरवता येतो, यात तेव्हा कुणाला विसंगती वाटली नाही, कारण बोट तोवर मराठी होऊन गेली होती. या कंपनीच्या काही बोटींना संतांची नावं असत. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी तुकाराम आणि जयंती या दोन बोटी बुडाल्या. १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता तेव्हा, मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. कोकणात तिला आजही कुणी रामदास जहाज म्हणत नाही. ‘रामदास बोट’ हे दोन शब्द मिळून एकच नाव झालं आहे, आणि ते उच्चारताना म्हाताऱ्या माणसांचा आवाज अजून खाली येतो.

आता त्या आजीच्या वाक्याकडे यायला हवं, कारण या शब्दाचं सगळ्यात अस्सल मराठी रूप तिथे आहे.

‘बोट लागली’ या दोन शब्दांना मराठीत दोन अर्थ आहेत आणि दोन्ही एकाच प्रवासात घडू शकतात. बोट बंदराला लागली, म्हणजे पोचली. आणि मला बोट लागली, म्हणजे पोटात ढवळलं, डोकं फिरलं, उलटी झाली. किमया आहे ‘लागणे’ या क्रियापदाची. मराठीत ऊन लागतं, थंडी लागते, भूक लागते, ठेच लागते, नजर लागते. बाहेरची किंवा आतली एखादी गोष्ट अंगाला भिडून तिचा परिणाम झाला, की ती ‘लागते’. समुद्रावरच्या मळमळीला इंग्रजीने दोष दिला समुद्राला. त्यांच्या शब्दात समुद्र आणि आजार यांची जोडी आहे. कोकणी माणसाला समुद्राने कधी त्रास दिल्याचं मान्यच नव्हतं. तो होडीत वाढलेला. त्रास झाला तो त्या लोखंडी, धुराच्या, गरम तेलाचा वास येणाऱ्या नव्या वाहनाचा. म्हणून लागली ती बोट.

हा प्रयोग इतका चपखल बसला, की त्याच साच्यात पुढचे त्रासही आले. कशेडीच्या आणि आंबा घाटाच्या वळणांवर एसटी लागू लागली, मग ‘गाडी लागते’ हा शब्दप्रयोग महाराष्ट्रभर रुळला. ज्या मुलाने समुद्र पाहिलेला नाही, तोही आज सहलीच्या बसमध्ये बाईंना सांगतो, ‘मला गाडी लागते.’ गाडी आधी लागू लागली की बोट आधी, याचा लेखी पुरावा मांडणं अवघड आहे. पण कोकणात लांबच्या प्रवासाचं यांत्रिक वाहन म्हणून बोट एसटीच्या कितीतरी आधी आली, हे लक्षात घेतलं तर मान बोटीकडेच जातो.

व्याकरणानेही या पाहुणीला नीट घरात घेतलं. मराठीत आधीपासून हाताचं बोट होतंच. उच्चार तोच, लिहिणंही तेच. पण हाताचं ते बोट आणि समुद्रावरची ती बोट. लिंग बदललं की सगळं निराळं होतं. हाताची बोटं, बंदरातल्या बोटी. बोटाने दाखवायचं, बोटीने जायचं. बोटात अंगठी असते, बोटीत माणसं असतात. होडी, नाव, नौका या स्त्रीलिंगी असल्याने बोटीलाही तेच लिंग मिळालं आणि गोंधळ टळला. शाळेत कुणी शिकवलेलं नसताना तीन वर्षांचं पोर हा भेद अचूक पाळतं. परक्या शब्दाला भाषेने किती आत घेतलं, हे ओळखायची याहून चांगली खूण नाही.

मूळ इंग्रजीत मात्र बोटीला तिची पायरी आहे. दर्यावर्दी इंग्रजांच्या लेखी बोट लहान, शिप मोठी. शिपवर बोट ठेवता येते, बोटीवर शिप नाही. तरी त्यांच्याकडेही हा नियम सरसकट पाळला जात नाही. नौदलातली पाणबुडी कितीही मोठी असो, तिला ते बोटच म्हणतात. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन यू-बोटी सर्वांना ऐकून ठाऊक आहेत. उत्तर अमेरिकेतल्या विशाल सरोवरांवर तीनशे मीटर लांबीची मालवाहू जहाजं फिरतात, तीही तिथल्या लोकांसाठी बोटीच. आणि प्रवासी बोलताना मोठ्या जहाजालाही बोट म्हणत. जहाजाच्या वेळेला जोडून सोडलेल्या आगगाडीचं नाव ‘बोट ट्रेन’ होतं. कोकणाने हाच प्रवाशाच्या तोंडचा शब्द घेतला. शिप हा शब्द शिपयार्ड आणि शिपिंग कंपनीपुरता कागदावर आला, स्वतंत्रपणे घरात कधी शिरला नाही.

म्हणूनच मराठी इतिहासातले मोठमोठे समुद्रप्रवास आपल्या तोंडी बोटीचेच आहेत. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला पदच्युत करून इंग्रजांनी १८८६ साली रत्नागिरीला आणलं, ते बोटीने. रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांना १९०८ साली त्याच राजाच्या मंडालेला पाठवलं, तेही बोटीने. आणि ८ जुलै १९१० रोजी फ्रान्समधल्या मार्सेय बंदरात ‘मोरिया’ या प्रवासी जहाजातून सावरकरांनी समुद्रात झेप घेतली, तिला मराठी माणूस ‘बोटीतून मारलेली उडी’ म्हणतो. हेच सावरकर १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरीत स्थानबद्ध होते आणि इथूनच त्यांनी भाषाशुद्धीचा आग्रह जोराने मांडला. दिनांक, महापौर असे शब्द त्यांच्या नावावर आहेत आणि ते रोजच्या वापरात आहेत. पण त्याच रत्नागिरीच्या बंदरावर बोटीला कुणी हात लावू शकलं नाही. जो शब्द सरकारी कागदातून आलेला असतो तो बदलता येतो. पोटाच्या मळमळीतून आणि मुंबईहून येणाऱ्या माणसाच्या वाट बघण्यातून आलेला शब्द बदलणं कठीण.

‘बोटीवर असतो’ या वाक्यात तो मोठ्या आकाराचा जुना अर्थ आजही जिवंत आहे. रत्नागिरी जिल्ह्याच्या खाडीकाठच्या गावांतून, विशेषतः कोकणी मुसलमान कुटुंबांतून, इंग्रजी कंपन्यांच्या जहाजांवर खलाशी आणि सारंग म्हणून जाण्याची परंपरा जुनी आहे. आज त्याच गावांतली मुलं मर्चंट नेव्हीत जातात. गावच्या भाषेत या नोकरीची स्वतःची वाक्यं आहेत. ‘बोट मिळाली’ म्हणजे नेमणूक झाली. ‘अजून बोट मिळाली नाही’ म्हणजे कागदपत्रं तयार आहेत, सीडीसी म्हणजे खलाशाचं नोंदणीपुस्तक हातात आहे, पण मुलगा घरी बसून आहे. ‘बोटीवर चढला’, ‘बोटीवरून उतरला’ म्हणजे करार सुरू झाला, करार संपला. सहा महिने, नऊ महिने घराबाहेर. मधल्या काळात बारसं होतं, कुणी जातं, आणि बातमी फोनवर कळते. शेजारच्या गोव्यात अशा माणसाला ‘तारवटी’ म्हणतात, जुन्या ‘तारू’ची ओळख सांगणारा शब्द. रत्नागिरीने मात्र बोट धरून ठेवली.

मिरकरवाड्यात उतरलं की हाच शब्द लहान होतो. इथे बोट म्हणजे इंजिनाची मासेमारी नौका. तिचा मालक नाखवा, चालवणारा तांडेल, बाकीचे खलाशी. आणि गेली काही वर्षं या खलाशांत नेपाळहून आलेले तरुण मोठ्या संख्येने दिसतात. ‘बोट गेली’ म्हणजे मासेमारीला गेली. ‘बोट रिकामी आली’ म्हणजे डिझेल आणि बर्फाचे पैसेही सुटले नाहीत. पाण्याखाली फिरणाऱ्या प्रॉपेलरला इथे सरळ पंखा म्हणतात आणि जाळं पंख्यात गेलं की सगळ्यांची झोप उडते. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत बोटी किनाऱ्यावर ओढल्या जातात, शाकारल्या जातात, रंगवल्या जातात. नारळी पौर्णिमेला नारळ सोडून दर्याला नमस्कार होतो. बोट कुठली, हेही नुसतं सांगून भागत नाही. ट्रॉलर की पर्ससीन, म्हणजे जाळं ओढत नेणारी की घेरा टाकणारी? ५ फेब्रुवारी २०१६ च्या सरकारी आदेशाने पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध आले आणि तेव्हापासून ‘बोटवाले’ या शब्दाला एक बाजू चिकटली. पारंपरिक मच्छीमार जेव्हा रागाने ‘बोटवाल्यांनी समुद्र खरवडला’ म्हणतो, तेव्हा त्याच्याकडेही बोट असतेच, पण तो शब्द त्याच्यासाठी नसतो.

मग मोठ्या जहाजांचं काय झालं? त्यांना जुना शब्द परत मिळाला. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळात ‘बसरा स्टार’ हे तेलवाहू जहाज भरकटून मिऱ्याच्या किनाऱ्याला येऊन आदळलं आणि तिथेच रुतून बसलं. रत्नागिरीकरांनी त्याचे फोटो काढले, त्याच्या बातम्या वाचल्या, आणि सगळीकडे शब्द होता जहाज. हेच शंभर वर्षांपूर्वी घडतं, तर ‘मिऱ्याला बोट फुटली’ असंच लोक म्हणाले असते. जयगडच्या बंदरात कोळसा घेऊन येतं तेही जहाज. सरकारी कागदात आणखी तिसराच शब्द आहे: यांत्रिक नौका, गस्ती नौका, युद्धनौका. होडी खाली, जहाज वर, नौका कार्यालयात, आणि बोट मधोमध.

खाडीवर आणखी एक सुखद योगायोग घडला. २००३ साली दाभोळ आणि धोपावे यांच्या मध्ये गाड्या नेणारी फेरीबोट सुरू झाली. आता जयगड आणि तवसाळ यांच्या मध्येही ती आहे. इंग्रजी ‘फेरी’ म्हणजे पाण्यावरून पलीकडे नेणारी सेवा. मराठी ‘फेरी’ म्हणजे येरझार, खेप. दोन भाषांतले दोन निराळे शब्द, पण या बोटीवर ते एकमेकांत असे मिसळले, की फेऱ्या मारते म्हणून फेरीबोट असाच अर्थ कुणालाही लागतो, आणि त्यात काही चूक होत नाही.

बाकी बोटी छोट्या-मोठ्या. गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर पर्यटकांना केळ्याच्या आकाराच्या रबरी ‘बनाना बोटी’वर बसवतात. शिंप्याकडे ‘बोटनेक’ ब्लाउज शिवायला टाकतात, तिथे गळ्याचा आकार बोटीसारखा पसरट असतो, हे शिवणाऱ्याला माहीत असतं, घालणारीला माहीत असायची गरज पडत नाही. कॉलेजची मुलं कानात ‘बोट’ नावाच्या भारतीय कंपनीचे इयरफोन घालतात.

एका ठिकाणी मात्र हा शब्द शिरला नाही, आणि ते नोंदवायला हवं. पावसाच्या पाण्यात मूल सोडतं ती कागदाची होडी असते. जीवनाची नौका असते, संसाराची नाव असते, भक्त भवसागर तरून जातो तो नामाच्या तारूने. इंग्रजीत एका बोटीत असणं, बोट हेलकावणं, परतीच्या बोटी जाळून टाकणं असे किती वाक्प्रचार आहेत. मराठीने त्यांतला एकही बोटीवर बांधला नाही. मराठी माणसाची बोट त्याला खरोखर कुठेतरी नेते. ती रूपक होत नाही. प्रवासासाठी इंग्रजी शब्द चालला, पण मनातलं सांगताना जुनेच शब्द लागले.

प्रवासी बोटी टप्प्याटप्प्याने बंद होत गेल्या. रस्ते झाले, एसटी गावोगाव पोचली, आणि २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागेपर्यंत मुंबई-रत्नागिरीचा सागरी प्रवास आठवणीत जमा झाला होता. मुंबई-गोवा मार्गावर २०१८ साली ‘आंग्रिया’ ही आलिशान क्रूझ आली तेव्हा जाहिरातींतून ‘क्रूझ’ हा आणखी एक इंग्रजी शब्द मिळाला. बोटीच्या घरगुती प्रवासाशी त्याचं काही नातं नव्हतं. ज्यांना बोट लागायची अशी शेवटची पिढी आता उतारवयात आहे. पडावातून शिडीवर पाय कधी टाकायचा, भोंगा कितीदा वाजायचा, डेकवर जागा कशी धरायची, बोट चुकली तर बंदरावर कुठे मुक्काम करायचा, यासाठी त्यांच्याजवळ जे शब्द आहेत त्यांतले बरेच कुठल्याच कोशात नाहीत. रत्नागिरी, राजापूर, देवगड, मालवणकडच्या ज्या वाचकांच्या घरी अशी माणसं आहेत, त्यांनी यंदाच्या मे महिन्यात गावी गेल्यावर त्यांना या बोटींबद्दल विचारावं आणि ते जसं बोलतील तसंच, त्यांच्याच शब्दांत, बंदराच्या आणि बोटीच्या नावासकट लिहून किंवा ध्वनिमुद्रित करून ठेवावं.